मोटारीचें पारदर्शक वेष्टन

जून महिन्यांत शाळा उघडल्या, कीं कोंकणांतील घरोघरीं एक लहानसा समारंभ पार पडतो. नवीं पुस्तकें येतात. तपकिरी कागद, कात्री व खळ यांचा पसारा ओटीवर मांडला जातो. आणि घरांतील एखादें वडील माणूस मुलांना शेजारीं बसवून पुस्तकांस वेष्टनें घालून देतें. याच सुमारास घराच्या पावसाळी अंगाच्या भिंतींना नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधण्याची पूर्वापार चाल होती. झाप भिजत, कुजत आणि चार महिन्यांनीं फेंकले जात. मातीची भिंत मात्र शाबूत राही. मोलाच्या वस्तूवर बदलतां येण्याजोगें आवरण घालावें आणि पावसाचा व वापराचा मार त्या आवरणानें सोसावा, हा विचार या प्रांतास मुळींच नवा नाहीं.

आज हाच विचार रत्नागिरींतील अनेक घरीं मोटारीच्या संबंधांत बोलला जातो. बँकेचें कर्ज काढून आणि वर्षानुवर्षांची शिल्लक मोडून एखादें कुटुंब नवी मोटार घेतें. नारळ फोडला जातो, पेढे वाटले जातात, आणि त्याच दिवशीं कोणी तरी सुचवितें कीं, गाडीला 'पीपीएफ' करून घ्या, म्हणजे रंगाची काळजी मिटली. पीपीएफ म्हणजे मोटारीच्या रंगावर बसविण्याचा पारदर्शक पापुद्रा. किंमत विचारली तर आकडा साठ-सत्तर हजारांपासून सुरू होतो आणि मोठ्या गाडीस उत्तम प्रतीच्या मालानें आच्छादावयाचें म्हटल्यास दोन लाखांच्याही पुढें जातो. ज्या घरांत मुलीच्या शिक्षणाची फी आणि गाडीचा हप्ता एकाच पगारांतून भरावयाचा असतो, तेथें हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं. तेव्हां हें वेष्टन काय करतें, काय करीत नाहीं, आणि समुद्रकांठच्या गांवीं त्याचा उपयोग किती, हें पैसे मोजण्यापूर्वीं समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम मोटारीच्या रंगाचा विचार केला पाहिजे. रंग म्हणजे एकच लेप, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते एकावर एक चढविलेले निरनिराळे थर असतात. कारखान्यांत गाडीचा पोलादी सांगाडा रसायनांनीं स्वच्छ करून रंगद्रव्याच्या हौदांत बुडवितात आणि विजेच्या प्रवाहानें त्यावर पहिला थर चढवितात. पत्र्याचें गंजापासून रक्षण करणारा थर मुख्यतः हाच. त्यावर अस्तर, अस्तरावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांच्या वर वार्निशासारखा पारदर्शक थर असतो. त्यास 'क्लिअर कोट' म्हणतात. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १३० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड धरला, तर लाखों रुपयांच्या गाडीचें सारें रूप दोन केसांच्या जाडीहून कमी अशा आवरणावर अवलंबून आहे, हें ध्यानांत येईल. त्यांतही वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनांचाच असतो. गाडी चकाकावी म्हणून ती वरचेवर यंत्रानें घासून घेणारे गृहस्थ प्रत्येक वेळीं हा थर थोडा थोडा झिजवीत असतात.

या नाजूक आवरणाचे शत्रु दोन प्रकारचे आहेत. कांहीं बाहेरून येतात आणि कांहीं आंतून अथवा खालून. बाहेरच्यांपैकीं पहिला शत्रु म्हणजे उडता खडा. रत्नागिरीहून मुंबईस, गोव्यास किंवा कोल्हापुरास निघालेल्या प्रवाशास बहुधा हातखंब्याच्या तिठ्यावर यावें लागतें व तेथें मुंबई-गोवा महामार्गाशीं गांठ पडते. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचें काम २०११ पासून टप्प्याटप्प्यानें होत आलें आणि त्या काळांत सुट्या खडीची ओळख येथील प्रत्येक वाहनचालकास चांगलीच झाली. समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला हरभऱ्याएवढा खडा वेगानें जाणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर आदळला, म्हणजे गोफणीच्या गोट्याप्रमाणें रंगाचा टवका उडवितो. वेग दुप्पट झाला, कीं आघाताची शक्ति चौपट होते, हा शाळेंतील पदार्थविज्ञानाचा नियम येथें प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

दुसरा शत्रु म्हणजे जांभ्याची तांबडी धूळ. ती दिसावयास मऊ असली तरी तिच्यांतील कण क्लिअर कोटपेक्षां कठीण असतात. कोरड्या फडक्यानें गाडी पुसली, कीं तेच कण पॉलिश-कागदाचें काम करतात आणि उन्हांत पाहतां कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसूं लागतात. तिसरा शत्रु आंब्याखालचा गारवा. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांनीं टाकलेला मधासारखा चिकट रस पानांवरून खालीं टिपकतो. पुढें फळ तयार झालें कीं देंठाचा चीक पडतो. हा चीक माणसाच्या कातडीस भाजतो, मग तो रंगास सोडील, ही अपेक्षाच व्यर्थ. पक्ष्यांची विष्ठाही अशीच. ती उन्हांत वाळली तर धुऊन काढल्यावरही रंगावर डाग ठेवून जाते.

या बाहेरच्या शत्रूंशीं सामना देण्यासाठीं पारदर्शक पापुद्रा निर्माण झाला. त्याचें मूळ द्रव्य पॉलीयुरेथेन. जर्मनींतील लेव्हरकुसेन येथें ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९३७ सालीं हें द्रव्य प्रथम सिद्ध केलें. पुढें १९६० च्या दशकांत, व्हिएतनामच्या युद्धांत, अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या पात्यांच्या कडा उडत्या वाळूनें झिजूं लागल्या, तेव्हां त्या कडांवर या द्रव्याचा चिकट पट्टा लावण्यांत आला. तेथून तो शर्यतीच्या मोटारींवर आणि मग खासगी गाड्यांवर आला. आजचा पापुद्रा साधारणतः १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीच्या सर्व रंगथरांहून अधिक जाड असतो. त्याचे मुख्य भाग तीन. खालीं दाब दिल्यानें चिकटणारा गोंद, मध्यें रबरासारखें लवचीक पॉलीयुरेथेन, आणि वर एक अत्यंत पातळ, गुळगुळीत लेप. खडा लागला, कीं मधला थर क्षणभर दबतो, आघात विस्तृत जागेवर पसरवितो व पुन्हां पूर्ववत् होतो. वरच्या लेपाचा गुण याहून मौजेचा. त्यावर बारीक ओरखडे उठले, तर उन्हाच्या तापानें किंवा ऊन पाणी ओतल्यानें ते बुजून जातात. अर्थात् हा चमत्कार वरच्यावरच्या रेघांपुरताच. किल्लीनें आरपार फाडलेला पापुद्रा कितीही तापविला तरी सांधत नाहीं.

येथें ग्राहकानें एका भेदाकडे लक्ष दिलें पाहिजे. बाजारांत स्वस्त म्हणून मिळणारे कित्येक पापुद्रे पॉलीयुरेथेनचे नसून पी.व्ही.सी.चे असतात. पी.व्ही.सी. रत्नागिरीकरांस परकें नाहीं. गांवाजवळ रनपार येथें फिनोलेक्सचा त्याचा मोठा कारखाना आहे. नळांसाठीं तें द्रव्य उत्तमच; पण तें मुळांत कठीण असल्यामुळें त्याचा मऊ पापुद्रा करावयाचा तर त्यांत मार्दव आणणारीं रसायनें मिसळावीं लागतात. उन्हांत हीं रसायनें हळूहळू निघून जातात. मग पापुद्रा आखडतो, पिवळा पडतो व त्याला तडे जातात. म्हणून मालाच्या गुंडाळीवर 'टीपीयू' म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेन असें लिहिलें आहे काय, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, आणि हमीपत्रावर त्या गुंडाळीचा क्रमांक उतरवून घ्यावा.

माल कितीही चांगला असो, यशापयश बसविणाऱ्या कारागिराच्या हातीं असतें. संपूर्ण गाडीचें काम नीट करावयाचें, तर दोन ते चार दिवस लागतात. प्रथम गाडी धुऊन तिच्यावरील लोहकण, डांबराचे ठिपके व चिकटा काढतात. मग चिकणमातीसारख्या एका मऊ गोळ्यानें पृष्ठभाग चोळून हातास न जाणवणारे कणही उचलून घेतात. जुने ओरखडे असल्यास आधीं हलकें पॉलिश करावें लागतें. त्यानंतर धूळ नसलेल्या बंद जागेंत साबणाचे थेंब घातलेलें पाणी गाडीवर व पापुद्र्याच्या चिकट अंगावर फवारतात, म्हणजे तो लगेच न चिकटतां हवा तसा सरकवितां येतो. जागा जुळली, कीं रबरी पट्टीनें मध्यापासून कडांकडे पाणी निपटून काढतात. वळणाच्या जागीं उष्णता देऊन पापुद्रा ताणतात आणि कडा शक्य तेथें आंत दुमडून बसवितात. कोठें कोठें राहिलेले पाण्याचे बारीक फुगे कांहीं दिवसांत आपोआप निघून जातात. पावसाळ्यांतील दमट हवेंत त्यांना अधिक वेळ लागतो. सबब येथील ग्राहकानें हें काम शक्यतों दसऱ्यानंतर व मृगापूर्वीं करवून घेणें सोईचें.

या साऱ्या प्रक्रियेंत धोक्याची जागा एकच, पण मोठी आहे. पापुद्रा गाडीच्या मापानें दोन रीतींनीं कापतां येतो. एक तर संगणकांत त्या गाडीचा नकाशा असतो व यंत्र बाहेरच्या बाहेर तुकडे कापून देतें. अथवा कारागीर पापुद्रा गाडीवर पसरून जागच्या जागीं धारदार पात्यानें कापतो. दुसरी रीत कसबी हातांत निर्दोष ठरते. परंतु हात जरा जड पडला, कीं पातें पापुद्र्याबरोबर रंगही चिरतें. पुण्यासारख्या कोरड्या हवेंत ती चीर कदाचित् वर्षानुवर्षें तशीच राहील. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यांत मात्र तिची गांठ दुसऱ्या प्रकारच्या शत्रूशीं पडते.

तो शत्रु म्हणजे गंज. लोखंडाचा पाण्याशीं व हवेंतील प्राणवायूशीं संयोग झाला, कीं गंज चढतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पाण्यांत मीठ असेल तर तें पाणी अधिक विद्युद्वाहक होतें आणि ही क्रिया फार त्वरेनें चालते. रत्नागिरींत वर्षास सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्रावरून येणारा वारा मिठाचे सूक्ष्म कण बारमाही आणून टाकीत असतो. हे कण बॉनेटवर बसले तर पहिल्या सरीबरोबर धुऊन जातात. पण चाकांवरील कमानींच्या आंत, दारांच्या तळाशीं असलेल्या सांध्यांत आणि गाडीच्या पोटाखालीं ते चिखलाबरोबर थापून बसतात. तेथें ओल लवकर सुकत नाहीं. गंजानें व्यापलेली जागा मूळच्या लोखंडाहून अधिक असते, त्यामुळें तो फुगतो व वरच्या रंगास पोपड्यासारखा उचलतो. बाहेर फोड दिसतो त्या वेळीं आंतील पत्रा बराच खाल्लेला असतो.

आणि या ठिकाणीं पारदर्शक पापुद्रा कांहींच करीत नाहीं. तो लावतात गाडीच्या दर्शनी अंगास. गंज लागतो तिच्या पाठमोऱ्या अंगास. इतकेंच नव्हे, तर आधींच टवका उडून गंजाचा ठिपका धरलेल्या जागेवर घाईनें पापुद्रा बसविला, तर गंज थांबत नाहीं. पारदर्शक वेष्टनाखालीं तो वाढतांना दिसत राहतो आणि त्यावर उपाय करण्यास हात मात्र पोंचत नाहीं. पुस्तकाला बाहेरून सुंदर कागद घातला, म्हणून आंत शिरलेली कसर पानें खावयाची राहत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. जुन्या गाडीचा नुकताच दुरुस्त केलेला भाग असेल, तर नवा रंग पुरता पक्का होईपर्यंत निदान महिनाभर थांबावें. नाहीं तर पुढें कधीं पापुद्रा सोलून काढतांना तो रंग घेऊनच निघतो.

मग सामान्य कुटुंबानें करावें तरी काय? ज्यास खर्च जड नाहीं, त्यानें संपूर्ण गाडी आच्छादावी. त्यांत तोटा कांहीं नाहीं. परंतु ज्यास रुपया मोजून खर्चावयाचा आहे, त्यानें खडा कोठें लागतो व हात कोठें घासतो, एवढेंच पाहावें. पुढचा बंपर, बॉनेटचा पुढील भाग, आरशांच्या पाठी, दारांच्या कडा, मुठीखालील नखांनीं ओरबडणारी खोबण आणि सामान चढवितांना घासणारी मागची कड, एवढ्या जागा झाकल्या तरी मुख्य आघात टळतात, आणि खर्च संपूर्ण कामाच्या एका अंशावर येतो. वांचलेल्या रकमेंतून गाडीच्या पोटाला व पोकळ सांध्यांना गंजविरोधी लेप द्यावा. तो देतांना दारांच्या तळाचीं पाणी निघून जाण्याचीं बारीक भोकें बुजणार नाहींत, याची खबरदारी घ्यावी. तीं बुजलीं, कीं दाराचा हौद होतो व पत्रा आंतून कुजूं लागतो.

'सिरॅमिक कोटिंग' म्हणून जो द्रवलेप हल्लीं लावतात, त्याची व पापुद्र्याची गल्लत होऊं नये. तो लेप अत्यंत पातळ असतो. पाणी ओघळून जावें, धूळ सहज निघावी व चकाकी राहावी, हे त्याचे गुण. खड्याचा मार सोसण्याचें बळ त्याच्या अंगीं नाहीं.

कायद्याचीही बाजू ध्यानांत ठेवावी. पारदर्शक पापुद्र्यानें गाडीचा रंग बदलत नाहीं, म्हणून नोंदणीपुस्तकांतील रंगाचा प्रश्न उद्भवत नाहीं. रंगीत पापुद्र्यानें गाडीचें रूपच पालटलें, तर मात्र प्रादेशिक परिवहन कार्यालयांत तशी नोंद करून घेतली पाहिजे. आणि हाच कारागीर कांचांवर काळी फिल्म लावून देऊं म्हणाला, तर त्यास नकार द्यावा. गाडीच्या कांचांवर अशी फिल्म चिकटविण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं मनाई केली आहे. विमापत्रांत पापुद्र्याची वेगळी नोंद होते काय, हेंही विमा कंपनीस आधींच विचारावें. म्हणजे अपघातानंतर भरपाईचा वाद पडत नाहीं. हमीपत्र वाचतांना वर्षांच्या आकड्यावर भुलूं नये. हमी बहुधा पिवळेपणा, तडे व सुटणें यांपुरती असते. खड्यानें अथवा किल्लीनें फाटलेला तुकडा ग्राहकास स्वखर्चानेंच बदलावा लागतो.

पापुद्रा बसविल्यानंतर आठवडाभर गाडी धुऊं नये. गोंदास पकड घेण्यास तेवढा अवधि द्यावा. पुढें साध्या साबणाच्या पाण्यानें, मऊ कापडानें, सावलींत धुवावी. नळीचा जोराचा झोत पापुद्र्याच्या कडेवर धरूं नये, कारण कड एकदां सुटली कीं तिच्याखालीं धूळ शिरून काळी रेघ उमटते. पक्ष्यांची घाण किंवा आंब्याचा चीक पडल्यास त्याच दिवशीं ओल्या कापडानें उचलावा. पापुद्र्यावरही त्याचा डाग राहूं शकतो. आणि भाट्याच्या किनाऱ्यावर फिरावयास जाऊन आल्यावर, गाडी वरून स्वच्छ दिसत असली, तरी तिचें पोट व चाकांच्या कमानी गोड्या पाण्यानें अवश्य धुवाव्या. ओल्या वाळूंत मोटार उतरविण्याचा मोह तर सर्वस्वीं टाळावा. एका संध्याकाळच्या त्या मौजेंत जितकें खारें पाणी गाडीच्या सांध्यांत शिरतें, तितकें वर्षभराच्या वाऱ्यानेंही येत नाहीं.

या गोड्या पाण्याच्या धुण्यास फारसा खर्च येत नाहीं. कदाचित् त्यामुळेंच त्याची जाहिरातही कोणी करीत नाहीं. पण रत्नागिरींत दहा वर्षें चाललेल्या दोन गाड्या शेजारीं उभ्या केल्या, एक पारदर्शक वेष्टनांत गुंडाळून पोटाकडे दुर्लक्ष झालेली आणि दुसरी बॉनेटवर चार टवके वागविणारी, परंतु दर पंधरवड्यास खालून धुतलेली, तर गॅरेजमधला जाणता मिस्त्री आधीं वांकून त्यांच्या खालीं पाहील. रंगाकडे तो नंतर वळेल. विकत घेणारानेंही तसेंच करावें; आणि ज्याच्या घरीं नवी गाडी येत आहे, त्यानें पापुद्र्याचा खर्च ठरविण्यापूर्वीं अंगणांतील पाण्याची नळी गाडीच्या पोटापर्यंत पोंचते कीं नाहीं, हें एकदां पाहून ठेवावें.